रोगणाचा तिसरा हात

मुलांनो, डहाणू रोड स्टेशनवर मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत बसलात, की वाणगाव, बोईसर, पालघर, सफाळे अशी स्टेशने एकामागून एक मागे पडतात. सफाळे सोडले, की थोड्याच वेळात चाकांचा आवाज एकाएकी बदलतो. खडखडाट वाढतो, दोन्ही बाजूंची झाडे नाहीशी होतात आणि खाली वैतरणा नदीचे रुंद पात्र दिसू लागते. गाडी पुलावर आलेली असते. त्या वेळी तुम्ही खिडकीतून पाण्याकडे पाहता. पुलाकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही.

पुढच्या वेळी पुलाकडे नीट पाहा. तो एकसंध नसतो. ठरावीक अंतरावर खांब, दोन खांबांच्या मध्ये एक गाळा आणि प्रत्येक गाळ्यावर टाकलेली तुळई, असे त्याचे भाग असतात. गुजरातकडून मुंबईपर्यंत येणारा हा लोहमार्ग १८६४ साली पुरा झाला. त्या वेळी मार्गावरच्या अनेक पुलांसाठी सारख्याच मापाचे लोखंडी भाग इंग्लंडमध्ये तयार करून जहाजाने आणले आणि येथे जोडले. दीडशे वर्षांनंतरही रीत तीच राहिली आहे. मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वेचा मार्ग डहाणू आणि तलासरी या तालुक्यांतून आखलेला आहे. त्यासाठी डहाणू तालुक्यातील साखरे येथे काँक्रीटच्या ४० मीटर लांबीच्या तुळया ओतण्याचे काम सुरू झाले. एकेका तुळईचे वजन सुमारे ९७० टन. २०२५ साली तिथली पहिली तुळई यंत्राने उचलून खांबांवर बसवण्यात आली. सारख्या मापाचे भाग आधी बनवायचे आणि मग जागेवर नेऊन जोडायचे, अशी ही पद्धत आहे.

घराघरांतली मुले खेळताना नेमके हेच करतात. प्लास्टिकच्या छोट्या रंगीत विटा तुम्ही पाहिल्या असतील. एक वीट दुसरीवर दाबली, की ती घट्ट बसते आणि ओढली, की सुटते. अशा विटांपासून मुले घरे, गाड्या आणि पूल करतात. मोठी माणसेसुद्धा या खेळात रमतात आणि हजारो विटा जोडून रेल्वेच्या पुलांच्या मोठमोठ्या प्रतिकृती उभ्या करतात. या विटांचे नाव लेगो. ज्या माणसाच्या कारखान्यातून त्या बाहेर पडल्या तो इंजिनियर नव्हता आणि शास्त्रज्ञही नव्हता. तो एका खेड्यातला सुतार होता. त्याचे नाव ओले कर्क क्रिस्तियानसेन.

ओले कर्क यांचा जन्म ७ एप्रिल १८९१ रोजी डेन्मार्क देशात झाला. डेन्मार्क हा युरोपच्या उत्तरेकडचा एक छोटा देश आहे. त्याच्या जुटलंड नावाच्या भागात फिल्स्कोव हे गाव आहे. त्या गावाजवळ एका गरीब शेतकरी कुटुंबात ते वाढले. घरात मुले पुष्कळ आणि जमीन हलकी. लहानपणी ते मेंढ्या राखत. मेंढ्या चरत असत तेव्हा ते चाकूने लाकूड कोरत बसत. हाताला लागलेली ही सवय पुढे त्यांच्या कामी आली. थोरल्या भावाच्या हाताखाली ते सुतारकाम शिकले. मग काही वर्षे त्यांनी जर्मनी आणि नॉर्वे या देशांत काम केले. नॉर्वेमध्ये त्यांची ओळख किर्स्टिने या तरुणीशी झाली. १९१६ साली दोघांचे लग्न झाले. त्याच वर्षी ओले कर्क यांनी बिलुंड या खेड्यात सुतारकामाचा एक छोटा कारखाना विकत घेतला.

बिलुंडमध्ये तेव्हा मोजकीच घरे होती. ओले कर्क आसपासच्या शेतकऱ्यांना दारे, खिडक्या आणि सामान बनवून देत. त्यांचे काम चोख असे. त्यांना चार मुलगे झाले. १९२४ साली त्यांपैकी दोन लहानगे कारखान्यात खेळत होते. सरस गरम करण्याच्या खटपटीत त्यांनी जाळ केला आणि लाकडाच्या ढलप्यांनी पेट घेतला. पाहता पाहता कारखाना आणि राहते घर दोन्ही जळून गेले. ज्यांच्या हातून ही चूक झाली त्यांपैकी गॉटफ्रेड हा जेमतेम चार वर्षांचा होता. या मुलाचे नाव लक्षात ठेवा. पुढे तो पुन्हा आपल्याला भेटणार आहे.

ओले कर्क यांनी कर्ज काढून पुन्हा इमारत उभी केली, आणि ती पहिल्यापेक्षा मोठी केली. परंतु काही वर्षांतच सगळ्या जगावर मंदीचे संकट आले. शेतमालाचे भाव कोसळले. शेतकऱ्यांजवळ पैसा उरला नाही. मग नवे घर बांधणार कोण आणि सुताराला काम देणार कोण? ओले कर्क यांना एकेक कारागीर कमी करावा लागला. १९३२ साली तर दुःखाचा डोंगरच कोसळला. किर्स्टिने यांचे निधन झाले. घरात आईविना चार मुले आणि कारखान्यात काम नाही, अशी त्यांची स्थिती झाली.

अशा वेळी त्यांनी एक वेगळा विचार केला. मोठ्या वस्तू कोणी घेत नाही, तर लहान वस्तू कराव्यात. ते शिड्या, तिवया आणि इस्त्रीचे फळे बनवू लागले. उरलेल्या लाकडातून त्यांनी खेळणी केली. मोटारगाड्या, आगगाड्या, चाकांवर चालणारे प्राणी. नातेवाइकांना हा पोरखेळ वाटला. चांगला हात असलेल्या सुताराने खेळणी करत बसावे, हे त्यांना पटेना. पण ओले कर्क यांचा कल खेळण्यांकडेच गेला. त्या काळी डेन्मार्कमध्ये दोरीवर खालीवर फिरणाऱ्या यो-योचे वेड आले होते. त्यांनी ढिगांनी यो-यो केले. वेड ओसरले आणि माल पडून राहिला. त्यांनी तो फेकला नाही. यो-योच्या चकत्यांपासून त्यांनी खेळण्यातल्या गाड्यांची चाके केली.

१९३४ साली त्यांनी आपल्या मालाला नाव दिले, लेगो. छान खेळ, अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांतली अक्षरे घेऊन ते बनवले आहे.

मुलांनो, आता एका लाकडी बदकाची गोष्ट ऐका. हे बदक चाकांवर चालत असे. दोरीने ओढले, की त्याची चोच उघडे आणि मिटे. रंग दिल्यावर त्याला रोगणाचे तीन हात द्यायचे, असा कारखान्याचा नियम होता. पहिला हात वाळला, की दुसरा. दुसरा वाळला, की तिसरा. गॉटफ्रेड तेव्हा शाळकरी वयाचा होता आणि वडिलांना कामात मदत करत होता. एके दिवशी तो मोठ्या आनंदाने वडिलांकडे आला. त्याने कारखान्याचे पैसे वाचवले होते. बदकांची एक पेटी स्टेशनवर पोहोचवून तो आला होता आणि त्या बदकांना त्याने तीनऐवजी दोनच हात दिले होते. बदके तितकीच चकाकत होती. फरक कोणालाच कळणार नव्हता.

त्या घरात तेव्हा पैशाची किती चणचण होती, हे तुम्ही आताच वाचले. थोडे रोगण वाचले म्हणून बापाने मुलाची पाठ थोपटली असती, तर त्यात नवल नव्हते. ओले कर्क यांनी तसे केले नाही. त्यांनी गॉटफ्रेडला परत स्टेशनवर धाडले. पेटी परत आणायची, प्रत्येक बदक बाहेर काढायचे, त्याला तिसरा हात द्यायचा, ते वाळू द्यायचे, पुन्हा पेटी भरायची आणि पुन्हा स्टेशनवर न्यायची. त्यासाठी रात्रभर जागावे लागले तरी चालेल, पण हे सारे त्याने एकट्याने करायचे. गॉटफ्रेडने ते केले. हा प्रसंग तो जन्मभर विसरला नाही. उत्तमातले उत्तम काम हेच आपल्याला पुरेसे, अशा अर्थाचे वडिलांचे आवडते वचन त्याने पुढे लाकडाच्या फळीवर कोरले. ती फळी कारखान्याच्या भिंतीवर लागली.

हळूहळू धंद्याला बरकत आली. पण १९४२ साली कारखान्याला पुन्हा आग लागली. तेव्हा दुसरे महायुद्ध चालू होते आणि डेन्मार्क जर्मनीच्या ताब्यात होते. इमारत गेली. खेळण्यांचे नमुने आणि आराखडेही जळून गेले. इतक्या वर्षांची मेहनत एका रात्रीत राख झाली. पन्नाशी ओलांडलेल्या ओले कर्क यांच्या मनात सर्व सोडून देण्याचा विचार आला. पण कारखान्यावर अनेक कामगारांची घरे चालत होती. त्यांचे काय होणार? त्यांनी तिसऱ्यांदा कारखाना बांधला.

युद्ध संपल्यावर त्यांनी एक यंत्र पाहिले. हे यंत्र प्लास्टिक वितळवून साच्यात दाबत असे आणि काही क्षणांत वस्तू तयार होत असे. लाकडावर ज्याची हयात गेली त्या सुताराला हे यंत्र हवेसे वाटले. १९४६ साली त्यांनी त्याची मागणी नोंदवली. यंत्राची किंमत ३०,००० क्रोनर होती. एवढ्या लहान कारखान्याला ती फार मोठी रक्कम होती. घरच्यांना हा धोका पत्करणे योग्य वाटत नव्हते. पण ते आपल्या निर्णयावर ठाम राहिले.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये तयार झालेल्या प्लास्टिकच्या पोकळ विटा त्यांच्या पाहण्यात आल्या. हिलरी फिशर पेज या इंग्रज गृहस्थांनी लहान मुलांसाठी त्या बनवल्या होत्या. म्हणजे एकमेकींवर बसणाऱ्या विटेची मूळ कल्पना पेज यांची. ओले कर्क आणि गॉटफ्रेड यांनी तिच्यात थोडे बदल केले आणि १९४९ साली आपल्या विटा बाजारात आणल्या. १९५३ साली त्यांना लेगो वीट हे नाव दिले.

परंतु विटा खपल्या नाहीत. दुकानदार त्या परत पाठवू लागले. लोकांना प्लास्टिकपेक्षा लाकडी खेळणीच चांगली वाटत. आणि या विटांमध्ये एक खरा दोषही होता. विटेच्या वर गोल उंचवटे होते, पण खालून ती नुसतीच पोकळ होती. एक वीट दुसरीवर अगदी सरळ ठेवली, तर ती बसे. अर्धी बाहेर काढून ठेवली, की डुगडुगे. या विटांची भिंत होई, पण पूल होत नसे.

असे का होत असे? हे समजले, की तुम्हाला पुलाचेही मर्म समजेल. पुलावर भार आला, की त्याची वरची बाजू दाबली जाते आणि खालची बाजू ताणली जाते. दाब विटेला सहज सोसतो. ताण आला, की विटा एकमेकींपासून सुटू पाहतात. म्हणून गवंडी भिंत बांधताना सांध्यावर सांधा येऊ देत नाही. खालच्या दोन विटांच्या सांध्यावर तो वरची वीट ठेवतो. खेळण्यातल्या पुलातही तसेच करावे लागते. प्रत्येक वीट खालच्या दोन विटांना धरून ठेवते. मात्र त्यासाठी विटेची पकड पक्की हवी. गवंड्याजवळ सिमेंट असते. खेळण्यातल्या विटेला तर सुटताही आले पाहिजे, नाहीतर खेळ एकदाच होईल. पक्की बसणारी आणि तरीही हाताने सुटणारी वीट कशी करायची, हे कोडे होते.

विटा सैल बसतात, अशा तक्रारी येतच होत्या. आहे तोच माल विकत राहणे सोपे होते. गॉटफ्रेड आणि त्याचे सोबती मात्र पुन्हा साच्याकडे वळले. अनेक नमुने करून पाहिल्यावर उत्तर सापडले. विटेच्या पोकळ पोटात त्यांनी गोल नळ्या बसवल्या. आता खालच्या विटेचा उंचवटा वरच्या विटेच्या भिंती आणि नळी यांच्यामध्ये घट्ट धरला जाऊ लागला. आता वीट अर्धी बाहेर काढून ठेवली तरी पकड सुटत नव्हती. २८ जानेवारी १९५८ रोजी या रचनेच्या पेटंटसाठी डेन्मार्कमध्ये अर्ज करण्यात आला.

त्यानंतर सहा आठवड्यांनी, ११ मार्च १९५८ रोजी, ओले कर्क यांचे निधन झाले. त्यांचे वय ६६ वर्षांचे होते. ही वीट जगभर जाईल, हे त्यांना पाहता आले नाही. नळीची रचना त्यांच्या एकट्याची नव्हती, हेही खरे. पण ती नळी पाहा कुठे आहे. ती विटेच्या पोटात आहे. पूल तयार झाल्यावर ती कोणालाही दिसत नाही. स्टेशनवरून बदकांची पेटी परत आणणाऱ्या मुलानेच पुढे ती विटेत बसवली.

त्यानंतरची हकिकत थोडक्यात सांगता येईल. १९६० साली लाकडी खेळण्यांच्या कोठाराला आग लागली. तेव्हापासून कारखान्याने लाकडी खेळणी बंद केली आणि सारे लक्ष विटेवर दिले. १९६६ साली विटांसोबत रुळांवर धावणारी विजेची छोटी आगगाडी आली. गाडी आली, की पूल हवाच! विटेचे माप फार काटेकोर ठेवले जाते. दोन उंचवट्यांमधले अंतर ८ मिलिमीटर असते आणि साच्यात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकीही चूक चालत नाही. म्हणून १९५८ साली बनलेली वीट आज बनलेल्या विटेवर बसते. आठ उंचवट्यांच्या एकाच रंगाच्या दोन विटा २४ प्रकारे जोडता येतात. तशा सहा विटा घेतल्या, तर ९१ कोटींहून अधिक रचना होतात.

२०१६ साली इंग्लंडमधील स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने लंडनमध्ये या विटांचा एक झुलता पूल उभारला. त्याची लांबी ३१ मीटर होती आणि त्याला दोन लाखांहून अधिक विटा लागल्या. खरे पूल बांधणाऱ्या माणसांनी खेळण्यातला पूल बांधला, कारण नियम दोन्हीकडे सारखेच आहेत. एका विटेची पकड सैल झाली, तर तिचा भार शेजारच्या विटेवर जातो.

मुलांनो, वैतरणेच्या पुलावरून गाडी जाते तेव्हा तुळईच्या आतले सांधे तुम्हाला दिसत नाहीत. कोणीतरी ते नीट जोडले, कोणीतरी तपासले, म्हणून तुम्ही सुखरूप पलीकडे जाता. तुमच्याही कामात असा एक तिसरा हात असतो. गणिताचे उत्तर आल्यावर ताळा पाहणे, निबंध लिहून झाल्यावर तो एकदा वाचून काढणे, सायकलचा नट घट्ट बसला आहे ना, हे हात लावून पाहणे. तो टाळला, तर कदाचित कोणाला कळणारही नाही. बिलुंडच्या स्टेशनवर पेटीत भरलेली बदकेही तशीच चकाकत होती.

शब्दार्थ

गाळा – पुलाच्या दोन खांबांमधील भाग. तुळई – भार पेलणारा आडवा दणकट भाग. रोगण – लाकडाला चकाकी आणणारा लेप. हात देणे (रंगाचा) – रंगाचा किंवा रोगणाचा एक थर लावणे. सरस – लाकूड चिकटवण्याचा पदार्थ. ढलपी – लाकडाचा पातळ तुकडा. तिवई – बसण्याचे लहान आसन. सांधा – जोड. ताळा – उत्तर बरोबर आहे का, ते तपासण्याची रीत.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ओले कर्क यांनी यो-योच्या चकत्यांचे काय केले?
(आ) लेगो या नावाचा अर्थ काय?
(इ) एकमेकींवर बसणाऱ्या विटेची मूळ कल्पना कोणाची होती?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पोकळ विटांचा पूल का होत नसे?
(आ) ओले कर्क यांनी गॉटफ्रेडला स्टेशनवर परत का पाठवले? तुम्हाला त्यांचे वागणे योग्य वाटते का?

३. वाक्यांत उपयोग करा : पाठ थोपटणे, दुःखाचा डोंगर कोसळणे, बरकत येणे.

४. उपक्रम : रिकाम्या काड्यापेट्या घ्या. त्यांची एक भिंत सांध्यावर सांधा ठेवून आणि दुसरी सांधे मोडून रचा. दोन्ही भिंतींना हळूच धक्का द्या. कोणती भिंत आधी पडते ते पाहा आणि त्याचे कारण वर्गात मराठीत सांगा.